फ्लॅटबेडची पहिली नोकरी : अमेरिकेतील नव्या ट्रकचालकाने कंपनी कशी पारखावी

फ्लॅटबेड म्हणजे छत आणि भिंती नसलेला, सपाट फलाटाचा ट्रेलर. अमेरिकेत तो बहुधा ४८ किंवा ५३ फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद असतो. बंद ट्रेलरमध्ये मावत नाही, किंवा क्रेनने वरून आणि फोर्कलिफ्टने बाजूने चढवावा लागतो, असा माल त्यावरून जातो. त्यात पोलादाच्या कॉइल, तुळया, पाइप, सळ्या, चिरलेले लाकूड, छपराचे पत्रे, बांधकामाची आणि शेतीची यंत्रे असे बरेच काही येते. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून बाहेर पडणारे उघडे ट्रेलर पाहिलेल्या वाचकाला या मालाची कल्पना सहज येईल. अमेरिकेच्या महामार्गांवर ट्रक, ट्रेलर आणि माल मिळून सर्वसाधारण कमाल वजन ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन असते. त्यातला सुमारे २१ टन हा फ्लॅटबेडवरचा माल असू शकतो.

बंद ट्रेलरच्या चालकाचे काम मुख्यतः गाडी चालवण्याचे असते. फ्लॅटबेडच्या चालकाला त्याआधी माल बांधावा लागतो, तो झाकावा लागतो आणि वाटेत उतरून पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. या कामात अंगमेहनत अधिक असते आणि धोकाही. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने पहिली कंपनी निवडताना मैलामागचा दर सर्वात आधी पाहू नये. ही कंपनी माल बांधायला नीट शिकवते का आणि चाके थांबलेली असतानाच्या कामाचे पैसे देते का, हे दोन प्रश्न त्याआधी यावेत. पुढची बहुतेक पारख या दोन प्रश्नांभोवतीच होते.

माल बांधण्याचे गणित

अमेरिकेत व्यावसायिक मालवाहतुकीवर एफएमसीएसए या केंद्रीय संस्थेचे नियंत्रण असते. २००० साली ती वाहतूक खात्यांतर्गत स्वतंत्रपणे काम करू लागली. माल बांधण्याचे आजचे नियम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००४ च्या जानेवारीपासून त्यांचे पालन सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तर माल पुढे सरकू नये, वळणावर बाजूला घसरू नये आणि गाडीने उसळी घेतली तरी जागचा हलू नये, हे त्यांचे सूत्र आहे. प्रत्येक पट्ट्याची आणि साखळीची सुरक्षित भारक्षमता ठरलेली असते. बांधणीच्या सर्व साधनांची मिळून भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा कमी असून चालत नाही. शिवाय मालाच्या लांबीनुसार किमान किती बंध हवेत, हेही ठरवून दिलेले आहे.

समजा, ४० फूट लांबीच्या पोलादी तुळयांचा ४४,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे २० टनांचा भार आहे. निम्मे वजन झाले २२,००० पौंड. चार इंची पट्ट्याची नेहमीची भारक्षमता ५,४०० पौंड असते. चार पट्टे बांधले तर बेरीज होते २१,६००, म्हणजे ४०० पौंड कमीच. पाचवा पट्टा घालावाच लागतो. आता पट्ट्यांऐवजी तीन अष्टमांश इंची, ७० ग्रेडच्या साखळ्या घेतल्या, तर प्रत्येकीची भारक्षमता ६,६०० पौंड असते. चार साखळ्यांची बेरीज २६,४०० होते आणि वजनाची अट सहज पूर्ण होते. तरीही चार साखळ्या पुरत नाहीत. समोर आडवा अडसर नसेल, तर पहिल्या १० फुटांना दोन आणि पुढच्या प्रत्येक १० फुटांना एक अशा लांबीच्या हिशोबाने ४० फुटांना पाच बंध लागतात. दोन नियमांपैकी ज्याचा आकडा मोठा, तो पाळायचा.

कॉइलचे नियम आणखी बारकाईचे आहेत. कॉइल म्हणजे पोलादी पत्र्याची जाड गुंडाळी, तिच्या मधोमध आरपार पोकळी असते. एकेका कॉइलचे वजन वीस टनांच्या आसपास जाऊ शकते. ही पोकळी आकाशाकडे आहे, गाडीच्या लांबीच्या दिशेने आहे की आडव्या दिशेने, यावर बांधणी ठरते. पोकळी लांबीच्या दिशेने असेल, तर साखळ्या तिच्यातून तिरप्या ओवून फुलीच्या आकारात बांधता येतात. पोकळी आडव्या दिशेने असेल, तर तीच फुली नियमाने मना आहे. अशी आडवी ठेवलेली कॉइल सुटली तर ती पुढे, म्हणजे थेट चालकाच्या केबिनच्या दिशेने घरंगळते. म्हणून तिच्याखाली लाकडी ओंडक्यांचा अडसर आणि पुढे-मागे खेचून धरणाऱ्या साखळ्या आवश्यक असतात. एका ठिकाणी बरोबर असलेली पद्धत दुसऱ्या ठिकाणी जीवघेणी ठरू शकते, आणि हा फरक पुस्तकात वाचून हाताला येत नाही.

बांधून झाल्यावरही काम संपत नाही. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांत माल तपासून पट्टे पुन्हा आवळायचे असतात. त्यानंतर १५० मैल, तीन तास किंवा चालकाच्या कामाच्या नोंदीतला बदल, यांपैकी जे आधी येईल त्या वेळी पुन्हा तपासणी करायची असते. माल कोणी चढवला हा प्रश्न वेगळा. बांधणी सुरक्षित नसेल तर ती गाडी रस्त्यावर न नेण्याची जबाबदारी चालकावर असते.

ताडपत्री

पाण्याने किंवा रस्त्यावरच्या मिठाने खराब होणारा माल झाकावा लागतो. लाकडाच्या भारावर टाकायची मोठी ताडपत्री साधारण २४ फूट बाय २७ फूट असते, आणि एकेका ताडपत्रीचे वजन बऱ्याचदा १०० पौंडांच्या, म्हणजे ४५ किलोंच्या आसपास भरते. पूर्ण ट्रेलर झाकायला अशा दोन-तीन लागतात. गुंडाळी फोर्कलिफ्टने वर ठेवून मिळाली तर ठीक, नाहीतर चालकाला ती खांद्यावरून चढवावी लागते. मग मालावर चढून ती उलगडायची, कोपरे दुमडायचे, खाली उतरून कडेच्या कड्यांत रबरी दोर अडकवायचे. धारदार कडांखाली गादीचे तुकडे किंवा कोपरे-रक्षक घातले नाहीत तर ताडपत्री फाटते आणि पट्टाही कापला जातो. जोराच्या वाऱ्यात ताडपत्री चालकाला सोबत ओढते, थंडीत ती कडक होते आणि ओल्या मालावरून पाय घसरतो.

पाइप आणि लाकडाच्या ढिगाऱ्यावरून पडून हाडे मोडणे ही या कामातली नेहमीची भीती आहे. काही कारखान्यांत झाकण्यासाठी वेगळे शेड असते, वरून लटकलेला सुरक्षा-दोर असतो किंवा यंत्राने ताडपत्री टाकली जाते. पुष्कळ ठिकाणी यांपैकी काहीच नसते. माल बांधून झाकायला एक-दोन तास सहज जातात, आणि नवख्याला त्याहून अधिक. हा वेळ कायद्याने कामाचा वेळ आहे. चालकाला दहा तासांच्या विश्रांतीनंतर अकरा तास गाडी चालवता येते, पण ते चालवणे कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत संपवावे लागते. ताडपत्रीवर गेलेले दोन तास त्या चौदांतूनच वजा होतात. बहुतेक ट्रकांत या वेळेची नोंद इलेक्ट्रॉनिक उपकरण करते. २०१७ च्या डिसेंबरपासून त्याची सक्ती सुरू झाली.

परवाना आणि नवख्यांना घेणाऱ्या कंपन्या

जड ट्रक-ट्रेलरसाठी ‘अ’ वर्गाचा व्यावसायिक परवाना लागतो. राज्याबाहेर माल न्यायचा तर चालकाचे वय किमान २१ हवे. वैद्यकीय तपासणीचा दाखला जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकाने एफएमसीएसएच्या यादीत नोंदलेल्या संस्थेकडूनच प्रशिक्षण घेतले पाहिजे, असा नियम आहे. मात्र किती तास शिकवायचे याची किमान मर्यादा केंद्रीय नियमात नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान चौदा दिवसांनी प्रत्यक्ष परीक्षा देता येते. ती परीक्षा स्वयंचलित गिअरच्या ट्रकवर दिली तर परवान्यावर तसा शेरा पडतो आणि हाताने गिअर बदलण्याचा ट्रक चालवता येत नाही. अर्ज करण्याआधी कंपनीच्या ताफ्यात कोणते ट्रक आहेत, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

परीक्षेत गाडीची तपासणी, मागे घेणे आणि रस्त्यावर चालवणे पाहिले जाते. कॉइलवर साखळी ओवण्याची परीक्षा तिथे होत नाही. त्यामुळे परवाना हातात आलेला माणूस फ्लॅटबेडच्या दृष्टीने कोरा असतो. अनेक छोट्या कंपन्यांना विमा देणारे वर्ष-दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणून त्या नवख्याला घेऊ शकत नाहीत. नवख्याची पहिली नोकरी बहुधा मोठ्या कंपनीत होते, कारण तिच्याकडे शिकवण्याची सोय असते. आयोवातील डे मॉइनची टीएमसी, ओक्लाहोमातील टल्साची मेल्टन, आर्कान्सातील नॉर्थ लिटल रॉकची मॅव्हरिक आणि मिसूरीतील स्प्रिंगफील्डची प्राइम ही अशा कंपन्यांची ओळखीची नावे आहेत. त्यांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता चालू अटी लेखी मागाव्यात.

मोठ्या कंपन्या नवख्यांच्या मागे का लागतात, हेही समजून घेतले पाहिजे. स्टीफन बर्क्स आणि क्रिस्टन मोनॅको या अभ्यासकांचा लेख अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या नियतकालिकात २०१९ मध्ये आला. त्यानुसार १९९५ ते २०१७ या काळात लांब पल्ल्याच्या मोठ्या ट्रक कंपन्यांत चालक बदलण्याचे वार्षिक प्रमाण सरासरी ९४ टक्के होते. शंभर जागा भरलेल्या ठेवायच्या तर वर्षभरात जवळपास तितक्याच नव्या नेमणुका कराव्या लागतात, असा त्याचा अर्थ. काही जुने लोक वर्षानुवर्षे टिकतात आणि काही जागा वर्षात अनेकदा भरल्या जातात, हेही त्यातच आले. अशा व्यवस्थेत भरती करणाऱ्याचे काम रिकामी जागा भरण्याचे असते. तो खोटे बोलतोच असे नाही, पण तो सर्वात चांगल्या चालकाची सर्वात चांगली कमाई सांगतो. चालकाने मधल्या चालकाची कमाई विचारावी. कंपनीत नव्याने आलेल्यांपैकी किती जण पहिले वर्ष पूर्ण करतात, हा त्याहून चांगला प्रश्न आहे.

प्रशिक्षणाची पारख

चांगल्या फ्लॅटबेड कंपनीत शिक्षणाचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा कंपनीच्या आवारात असतो. खऱ्या ट्रेलरवर खऱ्या कॉइल, पाइप आणि लाकडाचे भार ठेवून ते बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. दुसऱ्या टप्प्यात अनुभवी चालकाच्या ट्रकवर काही आठवडे रस्त्यावर राहून काम करायचे. पहिला टप्पा वर्गातल्या चित्रफितींवर उरकला जात असेल, तर ती कंपनी फ्लॅटबेड नीट शिकवत नाही असे समजावे.

शिकवणाऱ्या चालकाविषयी चार गोष्टी विचाराव्यात. त्याला स्वतःला फ्लॅटबेडचा किती वर्षांचा अनुभव आहे? काही महिन्यांपूर्वी आलेल्यालाच शिक्षक केले जाते का? नवखा गाडी चालवत असताना शिक्षक शेजारी जागा असतो, की पहिल्या आठवड्यापासून दोघे आळीपाळीने झोपून ट्रक रात्रंदिवस पळवला जातो? दुसऱ्या प्रकारात कंपनीला एका शिकाऊ पगारात दुप्पट मैल मिळतात आणि शिकाऊ मात्र एकट्याच्या जबाबदारीवर चालवत राहतो. शेवटचा प्रश्न शिकाऊ काळातल्या पगाराचा. तो दिवसाला किती, आठवड्याला किती आणि किती आठवडे, याचा आकडा लेखी मिळायला हवा.

एकट्याने काम सुरू झाल्यावरचा आधारही तितकाच मोलाचा असतो. रात्री दोन वाजता कधीच न पाहिलेला माल समोर आला, तर फोन करायला बांधणीचा जाणकार कंपनीत असतो का? बांधलेल्या मालाचा फोटो पाठवून तो योग्य आहे का, हे विचारता येते का? पहिल्या काही महिन्यांत सोपे माल देऊन हळूहळू कॉइल आणि यंत्रांकडे नेण्याची पद्धत आहे का? या तिन्हींना होकार असेल, तर मैलामागे दोन-चार सेंट कमी मिळाले तरी ती कंपनी फायद्याची ठरते.

पगाराचा खरा हिशोब

अमेरिकेतल्या जड ट्रक-ट्रेलर चालकांचे मध्यक वार्षिक वेतन मे २०२३ मध्ये ५४,३२० डॉलर होते. पगार देण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. मैलामागे ठरावीक सेंट, भाड्याच्या रकमेतला ठरावीक टक्का, आणि तासावर. आंतरराज्य मालवाहतुकीतल्या बहुतेक चालकांना केंद्रीय कायद्यानुसार जादा तासांचा दीडपट दर मिळत नाही. त्यामुळे आठवड्यात साठ-सत्तर तास काम केले तरी पगार मैलांवरच राहू शकतो.

मैलांचा दर पाहताना मैल कसे मोजले जातात, हे विचारावे लागते. काही कंपन्या ट्रकच्या प्रत्यक्ष मार्गाचे मैल मोजतात. काही जुन्या तक्त्यावरचे कमी अंतर धरतात, आणि मग प्रत्यक्ष चाललेल्या मैलांतले काही मैल फुकट जातात. पगाराचा काही भाग प्रवासभत्ता म्हणून दाखवण्याची पद्धतही आहे. त्या भागावर कर लागत नाही, पण सोशल सिक्युरिटीच्या हिशोबात तो पगार धरला जात नसल्याने पुढच्या निवृत्तिवेतनावर परिणाम होतो. कर्जासाठी दाखवायचे उत्पन्नही त्यामुळे कमी दिसते.

फ्लॅटबेडमध्ये त्याहून महत्त्वाचा प्रश्न जोडपगाराचा असतो. ताडपत्री टाकण्याचे पैसे मिळतात का? कारखान्याच्या दारात ताटकळण्याचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात? अनेक ठिकाणी पहिले दोन तास विनामोबदला असतात. जादा थांब्याचे, ट्रक बंद पडल्याचे, माल न मिळाल्याने अडकून पडलेल्या दिवसाचे काय? एक काल्पनिक हिशोब करून पाहू. पहिली कंपनी मैलामागे ६० सेंट देते आणि बाकी काहीच देत नाही. दुसरी ५५ सेंट देते, प्रत्येक वेळी माल झाकण्याचे ५० डॉलर आणि ताटकळण्याचे तासाला २० डॉलर देते. आठवड्यात २,००० मैल झाले, तीनदा माल झाकला आणि पैसे मिळण्याजोगे चार तास ताटकळण्यात गेले. पहिल्या कंपनीत १,२०० डॉलर मिळतात. दुसरीत १,१०० अधिक १५० अधिक ८०, म्हणजे १,३३०. दोन्हीकडे कामाचे तास ६५ धरले तर पहिलीत तासाला सुमारे साडेअठरा डॉलर पडतात आणि दुसरीत सुमारे साडेवीस. जाहिरातीत मात्र पहिलीचा दर मोठा दिसतो. दोन कंपन्यांची तुलना करायची तर आठवड्याची सगळी कमाई कामाच्या सगळ्या तासांनी भागून करावी.

टक्केवारीच्या पद्धतीत भाडे वाढले तर पगार वाढतो आणि बाजार पडला की तोही पडतो. तिथे भाड्याचा मूळ कागद चालकाला दाखवला जातो का आणि इंधनाचा अधिभार टक्केवारीत धरला जातो का, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. फ्लॅटबेडचे काम बांधकाम आणि कारखानदारी यांच्याशी बांधलेले असल्याने वसंत आणि उन्हाळ्यात जोर असतो, हिवाळ्यात मंदी येते. उन्हाळ्यातल्या आठवड्याचा आकडा बावन्नने गुणून वर्षाची कमाई काढणे म्हणजे स्वतःची फसवणूक. दर आठवड्याला किमान इतके मिळतीलच, अशी लेखी हमी असेल तर पहिल्या हिवाळ्यात तिचा मोठा आधार होतो.

घर, प्रदेश आणि गाडी

पोलादाचे आणि लाकडाचे पुष्कळ ग्राहक शनिवार-रविवारी बंद असतात. त्यामुळे काही फ्लॅटबेड कंपन्यांना चालकाला दर आठवड्याअखेर घरी पाठवणे जमते. बंद ट्रेलरच्या लांब पल्ल्याच्या कामात हे इतके सहज जमत नाही. तरीही घरी जाणे चालकाच्या पत्त्यावर अवलंबून असते. इंडियाना, ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि अलाबामात पोलादाचे काम भरपूर असते. लाकडाचे काम आग्नेयेकडच्या राज्यांत आणि ओरेगन-वॉशिंग्टनमध्ये मोठे आहे. कंपनीच्या नेहमीच्या मार्गापासून दूर राहणाऱ्याला तेच आश्वासन पाळून मिळेल असे नाही. आपल्याच गावाजवळ राहणारा, त्याच कंपनीचा एखादा चालक महिन्यातून किती रात्री घरी झोपतो, हे विचारल्यावर खरे चित्र कळते.

ट्रेलरचा प्रकारही पाहावा. काही ट्रेलरांचा फलाट दोन पातळ्यांचा असतो, त्यामुळे उंच यंत्रे नेता येतात. काहींवर सांगाड्यावरून सरकणारे ताडपत्रीचे आवरण असते. त्यात मालावर चढून झाकण्याचे काम वाचते आणि पाठ-गुडघ्यांना दिलासा मिळतो. साखळ्या, पट्टे, कोपरे-रक्षक आणि ताडपत्र्या कंपनी देते की चालकाच्या पगारातून कापते? झिजलेला पट्टा बदलून मागितला तर लगेच मिळतो का? साखळी आवळायला हिसका मारणारा दांडा दिला जातो, की दाते असलेला, हळूहळू आवळला जाणारा? पहिल्या प्रकारचा दांडा निसटून उसळला तर तोंडावर किंवा हातावर बसतो. म्हणून नवख्याच्या हाती दुसरा असलेला बरा.

सुरक्षेची नोंद कशी वाचावी

प्रत्येक कंपनीला केंद्रीय नोंदणी क्रमांक असतो आणि तो ट्रकच्या दारावर लिहिलेला असतो. एफएमसीएसएच्या सेफर या सार्वजनिक सेवेत तो क्रमांक घातला की कंपनीचे ट्रक किती, चालक किती, गेल्या दोन वर्षांत किती अपघात झाले आणि तपासणीत किती टक्के गाड्या व चालक जागीच थांबवले गेले, हे विनामूल्य दिसते. त्याशेजारीच देशाची सरासरी दिलेली असते. गाड्या थांबवण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा बरेच वर असेल, तर त्या कंपनीची देखभाल कच्ची आहे असे समजायला हरकत नाही. अपघातांचा आकडा मात्र ट्रकांच्या संख्येने भागून पाहावा. पाच हजार ट्रकांच्या कंपनीत पन्नास ट्रकांच्या कंपनीपेक्षा अपघात जास्त दिसणारच.

एफएमसीएसए कंपन्यांना सात निकषांवर तोलते. माल नीट न बांधल्याच्या नोंदी त्यात वाहन-देखभालीच्या निकषाखाली जातात. २०१५ च्या कायद्याने मालवाहू कंपन्यांची टक्केवारीतली श्रेणी लोकांना दिसेनाशी झाली, पण तपासणीत सापडलेल्या चुका अजून पाहता येतात. तिथे सैल पट्टे, कापलेल्या साखळ्या आणि कमी पडलेले बंध वारंवार दिसत असतील, तर त्या कंपनीचे बांधणीचे शिक्षण कसे आहे हे भरती अधिकाऱ्याला विचारायचीही गरज उरत नाही.

करारातल्या अटी

अनेक कंपन्या परवान्याच्या शिक्षणाचा खर्च स्वतः करतात आणि बदल्यात बहुधा वर्षभर काम करण्याचा करार घेतात. हातात पैसा नसलेल्यासाठी ही खरीखुरी संधी असू शकते. सही करण्याआधी मात्र काही गोष्टी पाहाव्यात. कर्जाची रक्कम किती, त्यावर व्याज आहे का, ती दर महिन्याला थोडी थोडी माफ होते की वर्ष पूर्ण झाल्यावरच? कंपनीने काढून टाकले, किंवा दुखापतीमुळे काम सोडावे लागले, तर ती कोणी भरायची? स्वतःच्या पैशाने स्थानिक महाविद्यालयात शिकलेल्या चालकाला अशा कराराचा काच नसतो. सरकारी रोजगार-योजनांतून फीला मदत मिळते का, हेही आधी तपासावे.

त्याहून कितीतरी अधिक सावध राहण्याची गोष्ट म्हणजे कंपनीकडूनच ट्रक भाडेखरेदीवर घेणे. स्वतःच्या मालकीचा ट्रक हे आकर्षक स्वप्न आहे. पण या व्यवस्थेत ट्रकचा हप्ता, इंधन, विमा आणि दुरुस्ती चालकाच्या माथी येते, आणि कोणता माल कोणत्या भाड्याला द्यायचा हे कंपनी ठरवते. आठवडा मंद गेला तर पगाराऐवजी देणे उरते. अशाच व्यवस्थेत काम केलेल्या डॉमिनिक ऑलिव्हेरा या चालकाने प्राइम कंपनीवर किमान वेतनाचा दावा लावला. दावा कोर्टाबाहेर लवादाकडेच नेला पाहिजे, ही कंपनीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये फेटाळली. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून नेमलेल्या वाहतूक कामगारालाही लवाद कायद्यातली सूट लागू होते, असा तो निकाल होता. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार एफएमसीएसएने या व्यवस्थांचा अभ्यास करायला एक गट नेमला. जानेवारी २०२५ च्या अहवालात त्या गटाने त्यांवर बंदीचीच शिफारस केली. पहिल्या वर्षीच्या चालकाने या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

नकार देण्याचा हक्क

माल जास्त वजनाचा आहे, बांधणी पुरेशी नाही, कामाचे तास संपले आहेत किंवा बर्फामुळे रस्ता घातक आहे, अशा वेळी चालकाला नाही म्हणता आले पाहिजे. १९८२ च्या वाहतूक कायद्याने सुरक्षेच्या कारणावरून नकार देणाऱ्या चालकाला संरक्षण दिले आहे. त्यावरून कंपनीने शिक्षा केली, तर १८० दिवसांत कामगार सुरक्षा विभागाकडे तक्रार करता येते. नियम मोडायला भाग पाडण्याविरुद्धचा वेगळा नियम जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याखाली एफएमसीएसएकडे ९० दिवसांत तक्रार करायची असते.

हा हक्क वापरण्याचे कारण चालकाच्या स्वतःच्या नोंदीतही आहे. तपासणीत सापडलेली सैल साखळी कंपनीसोबत चालकाच्याही नावावर लागते. नवी कंपनी नेमणुकीआधी त्याची पाच वर्षांची अपघातांची आणि तीन वर्षांची तपासण्यांची केंद्रीय नोंद मागवू शकते. आधीच्या मालकांकडून माहितीही घेतली जाते. खासगी संस्था ठेवत असलेला नोकरीचा इतिहास डीएसी अहवाल म्हणून ओळखला जातो. त्याची प्रत वर्षातून एकदा विनामूल्य मागवून चुकीच्या नोंदीला हरकत घेण्याचा अधिकार चालकाला आहे. करार संपण्याआधी ट्रक वाटेत सोडून देणे ही या अहवालातली सर्वात महागात पडणारी नोंद. काम सोडायचेच तर ट्रक कंपनीच्या आवारात परत करून, लेखी पोच घेऊन सोडावे.

निवडीचा क्रम

चार-पाच कंपन्यांची यादी केल्यावर त्यांना या क्रमाने गाळावे. आधी सुरक्षेची नोंद, मग कराराच्या अटी, मग प्रशिक्षण, मग घरी जाण्याची शक्यता आणि सर्वात शेवटी तासाला पडणारी कमाई. प्रत्येक टप्प्यावर कंपनीच्या कार्यालयाबाहेरच्या माणसाशी बोलावे. ट्रक थांब्यावर पट्टे आवळत असलेला त्या कंपनीचा चालक पाच मिनिटांत जे सांगतो, ते पत्रकात छापलेले नसते. भरती अधिकाऱ्याने तोंडी दिलेला प्रत्येक शब्द ईमेलवर मागावा. तो लिहून द्यायला तयार नसेल, तर ते आश्वासन नाही असे समजून पुढचा हिशोब करावा.

निवड झाल्यावर पहिले वर्ष अपघात आणि मोठी चूक न होता एकाच कंपनीत पूर्ण करावे. त्या एका वर्षाने छोट्या कंपन्यांची, अवजड यंत्रे नेणाऱ्या ट्रेलरांची आणि चांगल्या पगाराच्या स्थानिक कामांची दारे उघडतात, कारण विमा देणाऱ्यांची अट तेवढ्याने बऱ्याच ठिकाणी पूर्ण होते. याला अपवाद एकच. कंपनी चालकाला तास ओलांडून चालवायला किंवा नीट न बांधलेला माल रस्त्यावर न्यायला सांगत असेल, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहू नये. लेखी नकार द्यावा, त्याची प्रत जपून ठेवावी, ट्रक परत करावा आणि दुसरी कंपनी शोधावी.